चार डॉलरच्या डब्याला कुलूप का?

तुम्ही शिकायला नुकतेच न्यू जर्सीत आला आहात. घराजवळच्या मोठ्या दुकानात ‘स्पॅम’ या डबाबंद मांसाचा डबा पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीत कुलूपबंद दिसला, किंमत जेमतेम चार डॉलर. पलीकडे टूथपेस्ट, कपड्यांचा साबण आणि बाळाच्या दुधाची पावडर काचेआड होती. तुम्ही विचारलंत की हे तर युद्धातलं, गरिबांचं खाणं म्हणून ऐकलं होतं, मग ते चोरतं कोण? जिथे खाण्याला कुलूप लागतं त्या वस्तीत राहणं सुरक्षित आहे का? आणि हे खाल्लेलं चालतं का, हेही विचारलंत.

मी इथल्या सुपरमार्केटमध्ये बरीच वर्षं काढली आहेत. आधी फळ्या भरायचे, मग स्टोअर मॅनेजर झाले, आणि आता दुकानातला माल कुठे आणि कसा गळतो ते शोधण्याचं काम करते. या गळतीला आमच्या धंद्यात श्रिंक म्हणतात. उत्तर थोडं लांबेल, कारण तुमच्या प्रश्नाखाली एक समज दडलेली आहे: कुलूप महागड्या वस्तूला लागतं. तसं नसतं. त्याच दुकानात वीस डॉलरची ऑलिव्ह तेलाची बाटली उघड्या फळीवर उभी असेल. कुलूप लावायचं की नाही हे ठरवताना आम्ही किमतीआधी एक गोष्ट बघतो. ही वस्तू दाराबाहेर गेली, तर संध्याकाळपर्यंत तिचे रोख पैसे होतील का?

ही काही माझी शोधलेली कसोटी नाही. तुमच्याच राज्यातल्या रटगर्स विद्यापीठात तेव्हा शिकवणारे गुन्हेशास्त्रज्ञ रोनाल्ड क्लार्क यांनी 1999 मध्ये ब्रिटिश गृहखात्यासाठी एक अभ्यास केला होता. चोरांना कोणत्या वस्तू आवडतात याचे सहा गुण त्यांनी मांडले. वस्तू लपवता येते, उचलून नेता येते, सहज हाताशी असते, मोलाची असते, लोकांना हवीशी असते आणि झटकन खपवता येते. यातला शेवटचा गुणच बहुधा निर्णायक असतो, असंही त्यांनी नोंदवलं. माझा अनुभव अगदी हाच आहे.

आता तो डबा या कसोटीवर ठेवा. वजन 340 ग्रॅम. जाकिटाच्या खिशात बसतो, पडला तर फुटत नाही, फ्रिज लागत नाही, वर्षानुवर्षं टिकतो. निळा रंग आणि पिवळी अक्षरं लांबून ओळखू येतात, त्यामुळे विकत घेणाऱ्याला आत काय आहे ही शंका राहत नाही. मांसाचे ताजे तुकडेही भरपूर चोरीला जातात, पण ते त्याच दिवशी खपवावे लागतात. डबा आज उचलला आणि पुढच्या महिन्यात विकला तरी चालतो. बाळाच्या दुधाच्या पावडरीचं, दाढीच्या पात्यांचं आणि साबणाचंही हेच आहे. रोज लागणारी, सगळ्यांना माहीत असलेली, न नासणारी वस्तू.

म्हणजे ज्या गुणांसाठी सैन्याने हा डबा घेतला, त्याच गुणांसाठी तो चोरला जातो. त्याच्या नावलौकिकाची कथाही याच गुणांभोवती फिरते, म्हणून ती जरा सविस्तर सांगते.

मिनेसोटा राज्यातल्या ऑस्टिन या गावच्या हॉर्मेल कंपनीने 1937 मध्ये हा डबा बाजारात आणला. डुकराच्या खांद्याच्या मांसाला तेव्हा फारसा उठाव नव्हता. ते आणि हॅम बारीक करून, मीठ, साखर आणि सोडियम नायट्राइट घालून डब्यात भरायचं, डबा हवाबंद करायचा आणि मग आतलं मांस डब्यातच शिजवायचं, अशी ती कृती. मंदीतून बाहेर पडणाऱ्या घरांना स्वस्त आणि न नासणारं मांस मिळालं. मग दुसरं महायुद्ध आलं. युद्ध संपेपर्यंत या मांसाचे 10 कोटी पौंडांहून अधिक डबे आघाड्यांवर आणि मित्रराष्ट्रांना गेले. सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे की या मांसाशिवाय आमच्या सैन्याला खाऊ घालता आलं नसतं.

तोच डबा रोज तीन वेळा खाणाऱ्या अमेरिकन शिपायाला मात्र त्याचा वीट आला. खरं तर त्याच्या ताटात पडणारं बरंचसं मांस सरकारी नमुन्याप्रमाणे इतर कारखान्यांत बनलेलं असायचं, पण बदनामी या एकाच नावाला चिकटली. युरोपातल्या मित्रराष्ट्रांच्या फौजांचे सरसेनापती आयझेनहॉवर यांनीसुद्धा पुढे कंपनीच्या माजी अध्यक्षांना पत्र लिहून मान्य केलं की लढाईच्या धकाधकीत आपणही त्याला चार शब्द बोललो होतो. ब्रिटनमध्ये रेशनिंग 1954 पर्यंत चाललं. तिथे त्याच्या चकत्या पिठात बुडवून तळून शाळेच्या जेवणात वाढल्या गेल्या, आणि एका पिढीच्या मनात हे नाव टंचाईशी जोडलं गेलं. तुम्ही ऐकलेलं ‘गरिबांचं खाणं’ इथून येतं.

पॅसिफिकच्या बाजूला वेगळंच घडलं. हवाईत पर्ल हार्बरच्या हल्ल्यानंतर जपानी वंशाच्या कोळ्यांच्या होड्यांना समुद्रात जायला बंदी झाली. बेटांचा मासेमारीचा मोठा भाग त्यांच्याच हातात होता. ताजी मासळी आटली आणि सैन्यासोबत आलेला डबा स्वयंपाकघरात शिरला. मूठभर भातावर तळलेली चकती ठेवून समुद्रशेवाळाची पट्टी गुंडाळायची, याला तिथे मुसुबी म्हणतात. पेट्रोल पंपापासून शाळेच्या डब्यापर्यंत ती सगळीकडे असते. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे हवाईत वर्षाला 70 लाखांवर डबे खपतात, आणि राज्याची लोकसंख्या आहे साधारण 14 लाख. दक्षिण कोरियात 1950 ते 53 च्या युद्धानंतरच्या उपासमारीत अमेरिकन तळांवरून बाहेर आलेलं हे मांस किमची, म्हणजे आंबवलेली कोबी, आणि तिखटाच्या रश्शात उकळलं गेलं. आज तो रस्सा आवडीने खाल्ला जातो, आणि चुसोक या सुगीच्या सणाला तिथली माणसं एकमेकांना या डब्यांच्या सजवलेल्या पेट्या भेट देतात. फिलिपिन्समध्ये भात आणि अंड्याबरोबर तो न्याहारीला असतो.

हे सगळं मी इतकं लांबवलं कारण न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमध्ये या सगळ्या घरांची माणसं राहतात. ज्या वस्तीत कोरियन, फिलिपिनो किंवा हवाईहून आलेली कुटुंबं आहेत तिथे हा डबा कोपऱ्यात धूळ खात नाही, आठवड्याच्या यादीत असतो. त्याशिवाय 2008 च्या मंदीत त्याची मागणी वाढली आणि कारखाना आठवड्याचे सातही दिवस चालवावा लागला. 2021 मध्ये कंपनीने सलग सातव्या वर्षी विक्रमी विक्री जाहीर केली. पुढच्या वर्षी, 2022 मध्ये, अमेरिकेत घरी आणायच्या किराण्याचे भाव सरासरी 11.4 टक्क्यांनी चढले. ताजं मांस परवडेना तेव्हा माणसं डब्याकडे वळली. डबा प्रतिष्ठित झाला म्हणून कुलूप लागलं असं नाही. मागणी रुंदावली, घेणारा कोणत्याही गल्लीत मिळू लागला, म्हणजेच खपवणं सोपं झालं.

कुलपाची पहिली मोठी चर्चा हवाईतच झाली. 2017 मध्ये होनोलुलूच्या दुकानांनी हे डबे पेटीत घालायला सुरुवात केली. तिथल्या व्यापाऱ्यांनी एका कायद्याकडे बोट दाखवलं. आदल्या वर्षी चोरी गंभीर गुन्हा ठरण्यासाठीची मर्यादा 300 डॉलरवरून 750 डॉलरवर नेण्यात आली होती, त्यामुळे टोळ्या निर्धास्त झाल्या असं त्यांचं म्हणणं होतं. 2022 च्या उन्हाळ्यात मॅनहॅटनच्या पोर्ट ऑथॉरिटी बस टर्मिनलमधल्या एका दुकानातल्या 3.99 डॉलरच्या कुलूपबंद डब्याचे फोटो जगभर फिरले. बस टर्मिनल म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांचा अखंड लोंढा, आणि उचलून बाहेर पडलं की पुढच्या मिनिटाला गर्दीत मिसळता येतं. तिथल्या दुकानदाराचा निर्णय आणि तुमच्या घराजवळच्या दुकानदाराचा निर्णय एकाच कारणाने झाला असेल असं गृहीत धरू नका.

पेटीच का, साधा स्टिकर का नाही, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. दारातल्या खांबांना ओरडायला लावणारे चिकट टॅग रेडिओ किंवा चुंबकीय लहरींवर चालतात. धातूच्या डब्यावर चिकटवले की धातू त्यांचा सूर बिघडवतो आणि खांबांना ते नीट ऐकू येत नाहीत. शर्टाला लावतो तसा टॅग मांसाच्या डब्याला लावून भागत नाही. मग डबा प्लास्टिकच्या पेटीत जातो, टॅग पेटीला असतो, आणि कॅशियर चुंबकाने पेटी उघडतो. म्हणजे जी पेटी बघून तुम्हाला एवढा धक्का बसला, तिच्यामागे अर्धं कारण डब्याच्या धातूचं आहे.

आता दुकानदाराच्या वहीकडे या. किराण्याच्या धंद्यात शंभर डॉलरच्या विक्रीमागे निव्वळ नफा साधारण दीड-दोन डॉलर उरतो. तीन डॉलरला पडलेला एक डबा गेला, तर ते तीन डॉलर भरून काढायला दीडशे ते दोनशे डॉलरचा दुसरा माल विकावा लागतो. कोणीतरी पूर्ण फळी पिशवीत झाडून नेली की त्या खणाची महिन्याची कमाई गेली. हा हिशेब रोज बघणाऱ्या मॅनेजरला कुलूप लावावंसं वाटतं, हे मी समजू शकते.

पण कुलूप फुकट नसतं. क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी 1916 मध्ये मेम्फिस शहरात पिगली विगली नावाचं दुकान काढलं, त्याआधी इथेही आपल्या वाण्याच्या दुकानासारखीच पद्धत होती. गिऱ्हाइकाने काउंटरवर यादी द्यायची आणि दुकानातल्या माणसाने सामान काढून द्यायचं. सॉन्डर्स यांनी गिऱ्हाइकाला टोपली देऊन फळ्यांमध्ये सोडलं. माणसं कमी लागली, विक्री वाढली, भाव उतरले, आणि या पद्धतीत थोडी चोरी होणारच हे पुढे सगळ्यांनी धरून चाललं. आजचं कुलूपबंद दुकान गिऱ्हाइकाला पुन्हा काउंटरसमोर उभं करतं, फक्त काउंटरमागचा माणूस काढून घेतो. वाण्याकडे यादी दिली की कुणीतरी लगेच हात पुढे करायचं. इथे बटण दाबून पाच-दहा मिनिटं उभं राहावं लागतं, आणि किल्ली असलेला मुलगा त्याच वेळी मागे ट्रकमधला माल उतरवत असतो. माणूस कंटाळतो आणि निघून जातो. वॉलग्रीन्स या औषधदुकानांच्या साखळीच्या प्रमुखांनी जानेवारी 2025 मध्ये गुंतवणूकदारांपुढे हे उघड सांगितलं, की वस्तू कुलूपबंद केल्या की त्या तितक्या विकल्या जात नाहीत.

मी जिथे जिथे कुलूप आलेलं पाहिलं तिथे चोरी आणि विक्री दोन्ही घटल्या, आणि विक्रीचं नुकसान अहवालात चोरीइतकं ठळक कधीच दिसलं नाही. गेलेला डबा मोजता येतो, न आलेलं गिऱ्हाईक मोजायला कुणी बसत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की कुलूप हा शेवटचा उपाय असावा. आधी करता येण्यासारखं बरंच असतं. फळीवर बारा डब्यांऐवजी तीनच मांडा आणि दिवसातून दोनदा भरा, म्हणजे झाडून न्यायला काही उरत नाही. एका वेळी एकच डबा सोडणारी आणि खट्ट असा आवाज करणारी मांडणी मिळते, ती लावा. तो खण दारापासून आणि कोपऱ्यापासून हलवून कॅशियरच्या नजरेत आणा. आणि त्या रांगेत माणूस ठेवा. येणाऱ्याकडे बघून ‘काही हवंय का’ असं विचारणारा माणूस चोराला नकोसा आणि गिऱ्हाइकाला हवासा असतो. यातला माणूस ठेवण्याचा उपाय सर्वांत गुणकारी आणि सर्वांत महाग, म्हणून कंपन्या तो टाळतात. बऱ्याच दुकानांत कुलूप चोरीइतकंच कमी केलेल्या माणसांमुळे आलेलं असतं.

चोरी किती वाढली आहे यावर कुणी एक आकडा तोंडावर फेकला तर सावध राहा. अमेरिकेच्या राष्ट्रीय किरकोळ विक्रेता महासंघाच्या पाहणीत 2022 मधली गळती विक्रीच्या 1.6 टक्के होती. त्यातला बाहेरच्या चोरीचा वाटा 36 टक्के, कर्मचाऱ्यांच्या चोरीचा 29 टक्के आणि मोजणी-नोंदणीतल्या चुकांचा 27 टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त गळती या शेवटच्या दोघांची, आणि तिला फळीवरच्या कुलपाने काडीचा फरक पडत नाही. त्याआधी याच महासंघाने 2021 च्या 94.5 अब्ज डॉलर गळतीपैकी जवळपास निम्मी संघटित टोळ्यांमुळे झाल्याचं म्हटलं होतं. ते विधान त्यांना डिसेंबर 2023 मध्ये मागे घ्यावं लागलं. वॉलग्रीन्सच्याच वित्तप्रमुखांनी 2023 च्या सुरुवातीला कबूल केलं की आदल्या वर्षी आपण चोरीबद्दल कदाचित जरा जास्तच रडलो. टोळ्या नाहीत असं मी म्हणत नाही. कॅमेऱ्यात दोन्ही प्रकारची माणसं दिसतात. एक जण पाव आणि एक-दोन डबे घेऊन मान खाली घालून जातो. दुसरा मोठी पिशवी पसरून पूर्ण फळी रिकामी करतो, कारण त्याच्याकडे माल घेणारा ठरलेला असतो. दोघांसाठी उपाय वेगळे लागतात, आणि कुलूप दोघांना एकाच मापाने मोजतं. दुसऱ्या प्रकारच्या चोराचा बाजार आवळण्यासाठी जून 2023 पासून एक केंद्रीय कायदा लागू झाला आहे. त्यानुसार ऑनलाइन बाजारपेठांना मोठ्या प्रमाणावर माल विकणाऱ्यांची ओळख तपासावी लागते. मला तो काचेच्या कपाटांपेक्षा योग्य दिशेचा वाटतो.

तुमच्या वस्तीच्या सुरक्षिततेचं उत्तर फळीवर शोधू नका. कुलूप कुठे लागतं यात कधीकधी दुकानदाराचा पूर्वग्रहही असतो. कृष्णवर्णीयांच्या केसांसाठीची तेलं आणि क्रीम अनेक दुकानांत कुलपात, आणि शेजारची तशीच इतर उत्पादनं मोकळी, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. जून 2020 मध्ये जनक्षोभ उसळल्यावर वॉलमार्ट, सीव्हीएस आणि वॉलग्रीन्सनी ती पद्धत बंद केली. म्हणून कुलूप पाहून शेजाऱ्यांबद्दल मत बनवू नका. रात्री रस्त्यावर वर्दळ किती असते, स्टेशनपासून घरापर्यंत दिवे आहेत का, इमारतीत आधीपासून राहणारे काय सांगतात, याने तुम्हाला जास्त कळेल.

आता तुमच्यापुरतं. पेटीतला डबा हवा असेल तर बटण दाबा किंवा थेट कॅशियरला सांगा, संकोच करू नका. तसंच जवळच्या कोरियन किंवा फिलिपिनो दुकानात जाऊन बघा. तिथे हाच डबा सहसा मोकळा असतो, अनेकदा स्वस्तही, कारण तो खण तिथे सतत कुणाच्या तरी नजरेसमोर असतो. खाण्याबद्दलही तुम्ही विचारलं होतं. हे डुकराचं मांस आहे, त्यामुळे घरात चालत असेल तरच आणा. 56 ग्रॅमच्या एका वाढपात 790 मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि एका डब्यात अशी सहा वाढपं. प्रक्रिया केलेलं मांस जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2015 पासून कर्करोगकारक गटात ठेवलं आहे. अधूनमधून भाताबरोबर चार चकत्या परतून खायला हरकत नाही, रोजचा आधार करू नका. पैशांची ओढाताण असेल तर अंडी, मसूर आणि डबाबंद छोले स्वस्तही पडतात आणि शरीरालाही बरे. बहुतेक मोठ्या विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी फूड पँट्री असते, तिथे ओळखपत्र दाखवून किराणा मोफत मिळतो. त्यात कमीपणा काही नाही, ती तुमच्यासाठीच आहे.

शेवटची गोष्ट विचारली नव्हतीत, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. सेल्फ-चेकआउटवर, म्हणजे आपणच वस्तू स्कॅन करून पैसे भरतो त्या यंत्रावर, आता अनेक दुकानांत कॅमेरे प्रत्येक वस्तू स्कॅन झाली का ते बघतात. घाईत एखादी वस्तू राहून गेली तर तिथेच हात वर करून कर्मचाऱ्याला बोलवा, दारापर्यंत जाऊ नका, आणि पावती घरी पोचेपर्यंत हातात ठेवा. विद्यार्थी व्हिसावर असलेल्या मुलांसाठी चोरीचा आळ दंडावर संपत नाही. भारतातल्या अमेरिकी दूतावासाने जुलै 2025 मध्ये जाहीरपणे बजावलं आहे की चोरीमुळे व्हिसा रद्द होऊ शकतो आणि पुढचा व्हिसा मिळणंही बंद होऊ शकतं. ‘सगळेच करतात’ असं सांगणारा एखादा रूममेट भेटला, तर त्याच्याबरोबर खरेदीला जाऊ नका. आणि कुणी डबे पिशवीत भरताना दिसलं तर त्याला अडवू नका, फोनवर चित्रीकरणही करू नका. दुकानातल्या माणसांनासुद्धा बहुतेक कंपन्या मागे धावायला मनाई करतात, कारण त्यात जीव गेलेले आहेत. बाजूला व्हा आणि मॅनेजरच्या कानावर घाला.